एकही पुस्तक हरवलं नाही

"काका, पाय काढा नं, तुमी नाल्यात उभे आहे!"

मी खाली पाहिलं. चपलेखाली निळ्या रांगोळीची जाड रेघ होती, म्हणजे गावाचा नाला. सांगणारी आकांक्षा, तिसरीतली, वेण्यांना दोन रंगांच्या रिबिनी. मी नाल्यातून बाहेर निघालो तर पाय नेमका मारुतीच्या पारावर पडला आणि सगळी पोट्टी खो खो हसली. हसा म्हटलं, हसून घ्या. माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं.

बोरटेकच्या जिल्हा परिषद शाळेच्या अंगणात दोन तास हाच खेळ चालू होता. पोरं जमिनीवर रांगोळीनं अख्खं गाव काढत होती. काढून घेणाऱ्या माधवीताई, अमरावतीच्या, तिशीच्या असतील. आमच्या संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. आमचं फिरतं वाचनालय चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. मीटिंगमध्ये कोणी तरी म्हणालं होतं म्हणे, आता घरोघरी मोबाइल आले, गाडी कशाला फिरवायची?

फिरतं वाचनालय म्हणजे एक जुनी गाडी, मागं दोन्ही बाजूंनी फळ्या, फळ्यांवर अकराशे पुस्तकं आणि पुढं मी, देवमन ताथोड. चालकही मीच आणि पुस्तकं वाटणाराही मीच. अकोल्याच्या जुन्या शहरातून सकाळी निघायचं, दिवसाला दोन शाळा करायच्या, पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच शाळेत. खारपाणपट्ट्यातल्या या रस्त्यांवर बावीस वर्षं काढली मी. पावसात ही काळी माती चाकाला धरते तेव्हा गाडी ढकलायला कोणता साहेब येत नाही.

आजवर तपासणी म्हणजे काय असायचं? साहेब यायचे, रजिस्टर पाहायचे, चहा घ्यायचे, सही ठोकायचे. या बाईंची तऱ्हाच वेगळी.

"काका, तपासणी मी नाही करणार," त्या सकाळी गाडीतच म्हणाल्या होत्या. "गाव करणार. मुलं, त्यांच्या आया, शिक्षक, आणि तुम्हीसुद्धा. सहभागी संशोधन म्हणतात याला."

"म्हणा काहीबी," मी म्हटलं. "पण पोट्टे काय तपासतीन? त्यायले शेंबूड पुसता येत नाही."

त्या हसल्या. मला भीती नव्हतीच. माझं काम म्हणजे हातच्या काकणाला आरसा कशाला! बावीस वर्षांत तीन वेळा प्रशस्तिपत्र मिळालं आणि तिन्हींवर एकच ओळ: 'एकही पुस्तक हरवलं नाही.' बाकीच्या गाड्यांची पुस्तकं फाटायची, बकऱ्या खायच्या, कोणी चुलीत घालायचं. माझं पुस्तक गेलं तसंच परत यायचं. प्रत्येकाला मी स्वतः कव्हर घालतो, सुटलेली पानं दाभणानं शिवतो. आमची कौशल्या म्हणते, "पोरीले सासरी धाडता धाडता एवढं पाह्यलं नाही तुमी, जेवढं या पुस्तकायले पाहता." म्हणू दे. मला त्यात अभिमानच वाटायचा.

गाव काढून झालं. माधवीताईंनी लाल रांगोळीचा डबा पुढं केला.

"आता गाडीतून घेतलेलं पुस्तक कुठं कुठं जातं, ते लाल रेघेनं दाखवा. आणि जिथं बसून ते वाचता, तिथं एक फूल काढा."

मी खुशीत आलो. आता पाहा म्हटलं, सगळ्या गावभर लाल रेघा पसरतील. शाळेच्या फाटकापाशी पोरांनी माझी गाडी काढली होती, चांगली मोठी. तिथून आकांक्षानं रेघ सुरू केली. अंगणातून नेली, शाळेच्या दारातून आत नेली आणि एका चौकोनापाशी नेऊन थांबवली. दुसऱ्यानं तशीच काढली. तिसरीनंही तशीच. सत्तावीस पोरं, सत्तावीस रेघा, सगळ्या त्या एका चौकोनात. पूर्ण गावात एकही लाल रेघ गेली नाही. फूल तर कोणी काढलंच नाही.

"हा चौकोन काय आहे?" माधवीताईंनी विचारलं.

"कपाट," आकांक्षा म्हणाली.

"कोणाचं?"

पोरांनी गावंडे सरांकडं पाहिलं. गावंडे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. साधा, मवाळ माणूस. त्यांचा चेहरा पडला. खिशातून किल्ली काढली आणि वर्गात जाऊन लोखंडी कपाट उघडलं. आत माझी पुस्तकं होती. मागच्या खेपेला ज्या क्रमानं दिली त्याच क्रमानं रचलेली, कव्हरवर सुरकुती नाही की बोटाचा ठसा नाही.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"चार वर्षं झाले, देवमनभाऊ," सर हळूच म्हणाले. "तुमी देता, मी मोजून ठेवतो. तुमी येता त्या दिवशी सकाळी पोरायच्या हाती वाटून देतो."

"अन् मी विचारलं, वाचलं का, तं सगळे 'हो' म्हणत?"

"मीनंच सांगतलं होतं त्यायले."

माझा असा संताप झाला! चार वर्षं या लोकांनी मला येड्यात काढलं होतं. "सर, तुमाले शरम नाही वाटली?" मी ओरडलो. "मी चिखलातून गाडी आणतो अन् तुमी पुस्तकं कोंडून ठेवता? काहून? अन् मंग लोक बोंब मारतात की खेड्यातल्या पोट्ट्यायले वाचाचंच नाही!"

सर खाली पाहत राहिले. माधवीताईंनी मला हातानं थांबवलं आणि पोरांसमोर उकिडव्या बसल्या. "घरी का नेत नाही पुस्तक?"

आकांक्षाच बोलली. पोरगी धिटुकली होती. "घरी नेलं अन् खराब झालं तं रागिणीदीदीसारखं होईन."

"रागिणीदीदीचं काय झालं होतं?"

आकांक्षानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि रिबिनीचं टोक तोंडात घातलं. माधवीताईंनी वहीत काही तरी लिहिलं. मी नुसता उभा होतो, कारण मला सगळं आठवलं होतं.

चार वर्षांपूर्वीचा गुरुवार. रागिणी तेव्हा पाचवीत. तिनं पक्ष्यांचं मोठं पुस्तक नेलं होतं. नवं कोरं, जाड कागदाचं, रंगीत. परत आणलं तेव्हा कव्हर निघालेलं आणि वरच्या चित्रावर पिवळा-तांबडा डाग पसरलेला. माझ्या अंगाची आग झाली. तिला गाडीच्या पायरीवर उभं केलं, पुस्तक दोन्ही हातांनी उंच धरायला लावलं आणि सगळ्या शाळेला म्हटलं, "पाहा रे! वरणाचे हात पुस्तकाले पुसते हे पोट्टी. काहून वं, तुमच्या घरी पाणी नाही का हात धुवाले? मायनं शिकोलं नाही?" ती बोलायला गेली, तर तिला रडूच फुटलं. मी रजिस्टरात तिच्या नावावर लाल रेघ मारली. पुढच्या खेपेला तिची आई गाडीपाशी आली. "भाऊ, थोडं ऐका नं," म्हणाली. मी "टाइम नाही बाई" म्हटलं, काच वर केली आणि निघालो.

आणि हा किस्सा मी चार वर्षं फुशारकीनं सांगत होतो. नवा ड्रायव्हर आला की म्हणायचो, एकदा सगळ्यांदेखत झापलं की पुस्तकं साफ राहतात बघ.

चार वाजता बायका आल्या. कपाशीची वेचणी चालू होती, तरी ताईंनी बोलावलं म्हणून लवकर सोडून आल्या. डोक्याला रुमाल, लुगड्यावर कापसाचे तंतू. वऱ्हांड्यात गोल करून बसल्या. ताईंनी मलाही त्याच गोलात बसवलं. "तुम्हीही सहभागी आहात, काका." समोरच शकुन बसली होती, रागिणीची आई. मी ओळखलं. तिनंही ओळखलं, कारण तिनं पदर पुढं ओढला.

"मुलं पुस्तक घरी आणायला का भितात?" ताईंनी विचारलं.

बायकांची थोडी चुळबुळ झाली. मग शकुन बोलायला लागली. माझ्याकडं न पाहता, ताईंकडं पाहून.

"माह्या पोरीपासून झालं जी ते. दसरा होता. दसऱ्याले सगळेच आपापलं औजार पुजतात. आमी इळा मांडला, खुरपं मांडलं, पोरीची पाटी मांडली. पोरगी म्हणे, माय, पुस्तकबी मांडू. शाळेच्या पुस्तकाचे पानं सुटले होते. हे गाडीतलं नवं होतं, पाखरायचं. म्हणे, देवीपुढं नवं पाह्यजे. वरचं कव्हर काढलं, हळदीकुकू वाह्यलं, झेंडूचं फूल ठेवलं. मले वाचता येत नाही, पण मीनंबी हात जोडले त्याले. आमच्या घरात तेवढंच पुस्तक होतं. सकाळी पुसाले गेली तं डाग पसरला. पोरगी रडे. मी म्हटलं, कायले रडतं? देवाचं हाय, ते काका समजून घेतीन."



मला काय झालं ते सांगता येत नाही, पण सांगतो. दसऱ्याला आम्हीही गाडी पुजतो. त्या गुरुवारी माझ्या बोनटवर हळदीकुंकवाची पाच बोटं होती आणि आरशाला सुकलेली झेंडूची माळ लटकत होती. देवाचं पुसू नये म्हणून मी ती पुसली नव्हती. त्या बोनटसमोर उभं राहून मी त्या पोरीला विचारलं होतं, तुमच्या घरी पाणी नाही का. दसरा होऊन आठ दिवस झाले नव्हते, आणि माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही. लाजेनं माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

"कोण होते ते काका?" माधवीताईंनी विचारलं. "अजून येतात?"

शकुननं आता माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "नाही जी. तो दुसरा होता. आता नाही येत."

ताईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "दुसरे कोणी होते का आधी?"

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आणि मी म्हणालो, "हो, होता एक. लय तापट होता."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. गावंडे सर समोर उभे होते, त्यांना सगळं माहीत होतं. ते खाली पाहायला लागले. बायकांनाही माहीत होतं. त्या गोलात खरं न कळलेल्या एकट्या माधवीताई होत्या.

ताईंनी एक मोठा कागद भिंतीला लावला आणि दिवसभरात निघालेलं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. मग सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पुस्तकं शाळेपर्यंत येतात, घरी जात नाहीत. कारण: आधीच्या चालकानं एका मुलीचा सर्वांसमोर अपमान केला. चालक बदलले आहेत, पण भीती गेलेली नाही.'

"पटतं का सगळ्यांना?" ताई म्हणाल्या. "पटत असेल त्यांनी खाली सही करा, नाहीतर अंगठा. नाही पटलं तर आत्ताच सांगा. हा कागद गावाचा आहे, माझा नाही."

बायका उठल्या. कोणी वाकडीतिकडी सही केली, कोणी अंगठा लावला. शकुनची पाळी आली. तिनं निळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि त्या ओळीच्या खाली उमटवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिथं काय लिहिलंय ते तिला चांगलं ठाऊक होतं. माझ्या पापावर तिनं आपला अंगठा लावला होता. मग ताईंनी पेन माझ्याकडं केलं.

मी पेन घेतलं. एक सही, की सुटलो. गाडी चालू राहिली असती, माझं नावही राहिलं असतं. वर्षभरात मी निवृत्त होणार, हार घातला असता लोकांनी. पण हात काही चालेना.

"ताई," मी म्हटलं, "ते खोडा."

"काय, काका?"

"आधीचा ड्रायव्हर. असा कोणी नोता. बावीस वर्षं झाले, या गावात गाडी मीच आणतो. पोरीले पायरीवर उभं मीनं केलं. हे बाई सांगाले आली तं काच वर मीनं केली. अन् आता खोटंबी मीच बोललो."

पारावरची दोन-चार माणसं फाटकापाशी येऊन उभी होती, तीही ऐकत होती. माधवीताईंनी ती ओळ खोडली.

"अहवालात कोणाचं नाव नसतं, काका," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं 'चालक' लिहू."

"अहवालात नोका लिहू. इथं कागदावर लिहा. कागद गावाचा आहे म्हणता नं?"

त्यांनी लिहिलं. देवमन ताथोड. मी खाली सही केली. मला वाटलं होतं, आता मन हलकं होईल, कोणी तरी म्हणेल, जाऊ द्या भाऊ, झालं गेलं. कसलं काय! शकुन ताडकन उठली.

"मंग मी कायले खोटं बोलली?" ती माझ्यावरच कडाडली. "तुमच्यासाठी बोलली का मी? गाडी याले पाह्यजे म्हणून बोलली. पोट्टे नाही वाचत तं नाही, पण गाडी येते, शाळेपुढं उभी राहते, पोट्टे पाहतात तं खरं! आता गाडी बंद झाली तं कोणापाशी रडू?"

"चुकलो, बाई," एवढंच म्हणालो. "चुकलो म्हणता!" ती म्हणाली आणि पदर खोचून पायऱ्या उतरून गेली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. गाडी बंद झाली नाही. ताईंनी अहवालात लिहिलं की पुस्तकं फाटली, मळली, हरवली तरी चालतील असा नियम करा, आणि वाटप गावातल्याच कोणाकडं द्या. संस्थेनं ऐकलं. आता मी फक्त गाडी चालवतो. शाळेपाशी लावली की पुढं बसून राहतो, पुस्तकांना हात लावत नाही. प्रशस्तिपत्रं मी भिंतीवरून काढली. कौशल्यानं कारण विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलंच.

ताई सामान आवरत होत्या. साडेपाचची एसटी फाट्यावर थांबली आणि हायस्कूलची चार-पाच पोरं उतरून आली. त्यांतली एक शाळेपाशी थबकली. उंच, सावळी, खांद्यावर दप्तर. मी काही तिला ओळखलं नसतं. पण शकुन तिला रस्त्यात भेटली असणार, कारण पोरगी सरळ माझ्याकडं पाहत होती.

मी गाडीपाशी गेलो. "रागिणी नं?"

"हो जी."

"माय बोल्ली का?"

"हो."

"चुकलो मी, पोरी. मले समजलं नाही. समजून घेतलंबी नाही."

"बरं," ती म्हणाली. रागानं नाही, मोठ्या माणसाला म्हणतात तसं.

मी मागचं दार उघडलं. "घे. कोणतंबी घे. रजिस्टर नाही, काही नाही. हरवलं तरी चालते, फाटलं तरी चालते. पुजलं तरी चालते."

"नको जी. मले आता सवय नाही राह्यली."

"एक तरी घे." भीक मागत होतो मी, आणि तिला ते दिसत होतं. तिची मान हो म्हणून हलली. मी हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

तिनं ते घेतलं नाही. आधी ओढणीला हात पुसले, खसाखसा, दोनदा. मग न सांगता दोन्ही हात माझ्यापुढं केले. तळवे वर. मग उलटे करून बोटं, नखं दाखवली. नववीतली पोरगी, हात पुढं धरून, मी पाहून 'ठीक आहे' म्हणायची वाट पाहत उभी राहिली.

माझ्यानं पाहवलं नाही. मी पुस्तक तिच्या हातांवर ठेवलं. ती वळली आणि ते अंगाला लागू न देता, दोन्ही हातांवर तसंच पुढं धरून घराकडं चालत गेली.